चार पौंडाचं झाकण

३ मार्च, रविवार

भाऊजी,

वर आधी 'तीर्थरूप' लिहिलं होतं. मग वाटलं, चौदा महिन्यांत एक ओळ लिहिली नाही आणि आता तीर्थरूप म्हणतोय, तर तुम्ही तिथेच कागद खाली ठेवाल. म्हणून नुसतं भाऊजी. नमस्कार आहेच.

ताईचं पत्र मिळालं. आपल्या शाळेच्या बाईंच्या जुन्या गाडीला नवा रेडिएटर करायचा आहे, पण पहिल्यासारखा तांब्या-पितळेचा की हल्ली सगळे बसवतात तसा अ‍ॅल्युमिनियमचा, ते ठरत नाही, असं तिने लिहिलंय. तुम्हाला विचारलं तर तुम्ही म्हणालात, "त्यालाच विचार. तो आता रेडिएटरच्या कारखान्यात आहे, मोठा माणूस आहे." ताईने जसंच्या तसं लिहिलंय. 'मोठा माणूस'च्या खाली रेघ मारली आहे. ती रेघ तुमची की तिची, ते कळलं नाही.

फोनवर सांगितलं असतं. पण फोन ताई उचलते आणि तुम्ही मागे खोकता. ते खोकणं ऐकलं की माझी बोलती बंद होते. म्हणून कागद.

तर माझं मत अ‍ॅल्युमिनियम.

तांबं उष्णता जास्त ओढतं हे मला माहीत आहे, तुम्हीच कानाला धरून शिकवलंत. पण इथे नळ्या रुंद करतात. आपण तीन-तीन ओळी लावतो तिथे यांच्या दोनच, आणि एकेक नळी पट्टीएवढी. हवा जास्त लागते, पाणी लवकर निवतं. वजन निम्मं. बाईंच्या गाडीचा जुना रेडिएटर उतरवताना आपल्या दोघांच्या पाठी मोडल्या होत्या, हा मी एका हाताने उचलून दाखवीन. कारखान्यात जुन्या गाड्यांचा वेगळा विभाग आहे, माप द्या आणि घेऊन जा. सगळे भाग एकावर एक रचायचे, बांधायचे आणि भट्टीत ढकलायचे. बाहेर येतो तो एकजीव होऊन. हाताचा सांधा कुठे नाहीच, त्यामुळे सांधा सुटायची भानगड नाही.

हे शेवटचं वाक्य लिहून झाल्यावर वाचलं. खोडलं तर तुम्ही खोडलेल्याच्या खालचं वाचणार, मला माहीत आहे. राहू दे.

नवा रेडिएटर नव्या झाकणासकट येतो. जुन्या झाकणाचं काही बघायला नको.

सहा मापं लागतील. उंची, रुंदी, जाडी, वरच्या आणि खालच्या नळाचा व्यास, आणि झाकण बसतं त्या गळ्याचा. ताईला सांगा, ती घेईल.

हात कसा आहे ते ताईने लिहिलं नाही. मी विचारलंही नव्हतं, तेव्हा तिची चूक नाही.

तुमचा मेहुणा


२२ मार्च

भाऊजी,

खाकी कागदाची गुंडाळी पोचली. आमच्या खोलीत चार जण राहतो. मी ती जमिनीवर पसरून चारी कोपऱ्यांवर चपला ठेवल्या. माझ्या खोलीतला लांब्या म्हणाला, "काय रे, जमिनीचा नकाशा आला का? वाटणी झाली?" मी म्हटलं, "हो, माझ्या वाट्याला चपला आल्या."

पण मला हसू आलं नाही. तुमची रेघ मी ओळखतो. पत्र्यावर खिळ्याने एकदाच ओढायची, पट्टी न लावता, आणि पट्टी लावून बघितली तर केसाचा फरक नाही. ही रेघ तशी नाही. मध्येच थरथरली आहे, एका ठिकाणी पेन उचलून परत टेकवलंय. आकडे डाव्या हाताचे आहेत. पाचाचं पोट चुकीच्या बाजूला आलंय.

सोबत तुमचा शब्द एकही नाही. ताईची चिठ्ठी होती. 'मापं त्यांनीच घेतली. मला टेप धरायला लावला. पेन दोनदा पडलं. मी बघितलंच नाही असं केलं.' पुढे लिहिलंय की त्या दिवसापासून झाळायचा ब्लोलॅम्प पेटलेला नाही. तुम्ही आता रबरी नळ विकता आणि पंख्याचे पट्टे बदलून देता. उजव्या हाताची दोन बोटं वाकत नाहीत. शेजारचा बॅटरीवाला गिऱ्हाइकासमोर म्हणाला, "उस्ताद, बरं केलंत. नळाला सांधा नसतो, सुटायची भीती नाही." आणि तुम्ही हसलात.

तुम्ही, आणि हसलात. पूर्वी तुम्ही त्याला त्याच्याच बॅटरीचं पाणी पाजलं असतं.

आणि एक लिहिलंय तिने. बाई स्वतः दुकानात येऊन म्हणाल्या, "मला अ‍ॅल्युमिनियम-बिल्युमिनियम नको. माझ्या वडिलांची गाडी आहे. तुम्ही आहे तसा तांब्याचा करा." त्यावर तुम्ही म्हणालात, "बाई, माझा सांधा सुटला. तीस वर्षांत सुटला नव्हता तो सुटला. हात राहिला नाही आता. तुमच्या गाडीला हात लावायला मला सांगू नका."

हे चार वेळा वाचलं. मग चिठ्ठी घडी करून उशीखाली ठेवली. मग उशीखालून काढून पेटीत टाकली.

त्या दिवसाचं तुम्हाला सांगायला नको. पण इथे मी कोणालाच सांगितलेलं नाही, तर एकदा लिहितोच. बाईंची गाडी घाट चढताना उकळत होती. तुम्ही रेडिएटर उतरवला, वरची टाकी सोडवली, नळ्या साफ केल्या, टाकी परत झाळून बसवली. सांधा असा की नख फिरवलं तर अडकणार नाही. मग अंगणात गाडी अर्धा तास चालू ठेवली आणि तुम्ही तुमचं नेहमीचं केलंत. उजवा पंजा रेडिएटरवर वरून खाली, डावीकडून उजवीकडे फिरवायचा. कुठे गार लागलं तर तिथे नळी तुंबलेली. मापं घ्यायला यंत्रं आहेत, पण तुमचा पंजा यंत्रांच्या आधीपासून आहे, असं तुम्ही म्हणायचात. मी बादली घेऊन उभा होतो. तुम्ही म्हणालात, "सगळीकडे सारखा तापलाय. झकास." आणि तेवढ्यात वरच्या टाकीचा सांधा आपोआप उघडला, उकळतं पाणी तुमच्या पंजावर आलं.

बादली माझ्या हातातून पडली. गार पाणी तिच्यातच होतं. ते जमिनीवर गेलं.

अकराव्या दिवशी मी निघालो. 'काम मिळालं' असं ताईला सांगितलं. काम नव्हतं मिळालं. स्टँडवर ज्या गाडीचं इंजिन चालू होतं तिच्यात बसलो. कारखान्यातलं हे काम नंतर दोन महिन्यांनी लागलं. तुमच्या हाताला पट्टी होती, दुकान बंद होतं, ताई एकटी धावत होती, आणि मी खिडकीची जागा मिळाली म्हणून खूश होतो. तुम्ही माझ्याशी बोलत नाही ते याच्यासाठी, हे मला माहीत आहे. एवढ्यासाठीच असेल तर मी स्वस्तात सुटलो.

काय लिहितोय मी. कामाचं बोलतो.

सहापैकी पाच मापं आली. गळ्याचं नाही, झाकण बसतं तिथलं. विसरलात का? असू दे. पाठवू नका. ते माप मला पाठ आहे.

मेहुणा


९ एप्रिल

भाऊजी,

रेडिएटर झाला. आज भट्टीतून बाहेर आला.

बघायला सुंदर आहे, खोटं कशाला बोलू. नव्या ताटासारखा चमकतो. विभागातल्या सगळ्यांना हात लावून बघायचा होता. मी साहेबांना सांगितलं, हा माझ्या घरच्या गिऱ्हाइकाचा आहे, चाचणीला मीच नेतो. 'माझ्या घरच्या' म्हणताना जीभ जरा अडखळली.

चाचणीच्या खोलीत एक काका आहेत. निवृत्त व्हायला आले आहेत, दात दोनच उरलेत आणि दोन्ही समोर. रेडिएटरची तोंडं बंद करायची, आत हवा भरायची, पाण्याच्या हौदात बुडवायचा आणि बुडबुडे बघायचे. आपल्याकडे होतं तेच, फक्त हौद मोठा आणि काट्याला दिवे. हवा भरायच्या आधी काकांनी विचारलं, "गाडीला झाकण कितीचं?"

मी हौदाच्या कडेचं पाणी पुसायला लागलो.

"अरे, झाकण कितीचं? गाडी तुझ्या घरची ना?"

"चार," मी म्हटलं.

"चार पौंड दाब! म्हणजे आजोबा आहे गाडी." त्यांनी काटा फिरवला. "मग ही अ‍ॅल्युमिनियमची नवरी कशाला आणताय आजोबांना?"

मी सहज विचारल्यासारखं विचारलं, "काका, समजा अशा जुन्या गाडीला, जुन्या पितळी रेडिएटरला, तेराचं झाकण लावलं तर?"

"तेरा? का लावील कोणी?"

"चुकून. माप सारखंच असतं, बसतं बरोबर."

काका माझ्याकडे बघायला लागले. म्हणाले, "झाकण म्हणजे काय, आतल्या जोराला बाहेर पडायची वाट. चाराचं असेल तर चाराला उचललं जातं, थोडी वाफ जाते, विषय संपला. तेराचं लावलंस की तेरापर्यंत कोंडून ठेवतं. साठ वर्षांचा पितळी पत्रा, धुऊन धुऊन कागद झालेला. तो फुगतो. पत्रा फुगला की सांधा सोलून निघतो, केळ्याच्या सालीसारखा."

"सांधा चांगला असला तरी?"

"सांधा देवाने घातला असला तरी. बिचाऱ्या सांध्याचा काय दोष त्यात?"

मी रेडिएटर हौदात सोडला. एक बुडबुडा नाही. काका म्हणाले पास, मी म्हटलं पास, आणि बाहेर येऊन नळाखाली डोकं धरलं.

भाऊजी, मी पहिल्या पत्रात घाई केली. अ‍ॅल्युमिनियमचं चांगलं तेवढंच लिहिलं. बाकीचं इथे रोज डोळ्यांसमोर असतं. बाई गाडीत नळाचं पाणी ओततात, दुसरं काही टाकू देत नाहीत. म्हणतात, आमच्या वडिलांनीही पाणीच घातलं. अशा पाण्याने अ‍ॅल्युमिनियमची वर्ष-दीड वर्षात आतून खड्डे पडून चाळण होते. त्या गाडीचा सांगाडा खड्ड्यातून जाताना पिळतो. पितळ त्याच्याबरोबर थोडं वाकतं, हा वाकत नाही, कोपऱ्यात तडकतो. आणि तडकला की तुमच्या दुकानात तो झाळता येत नाही. आपली झाळ त्याला धरत नाही. मग तो कचरा. तांब्या-पितळेचा कसाही फुटला तरी माणूस रस्त्याच्या कडेला बसून जोडतो.

म्हणजे तांब्या-पितळेचाच करायला हवा. पण तो तुमच्याशिवाय करणार कोण? आणि तुम्ही तर म्हणताय हात राहिला नाही.

हा रेडिएटर मी अजून पाठवत नाही. खोलीत आणून ठेवलाय. लांब्या त्याच्यात तोंड बघून भांग पाडतो.

पुढचं आज लिहवत नाही.

मेहुणा


१२ एप्रिल

भाऊजी,

आज सुट्टी आहे. तिघेही बाहेर गेलेत. दुपारचे दोन वाजलेत, आणि हे पत्र लिहून पाकिटात घातल्याशिवाय जेवायचं नाही असं ठरवलंय. मला भूक सहन होत नाही हे तुम्हाला माहीत आहे. म्हणजे लिहून होईल.

तुमचा सांधा सुटला नव्हता. मी सोडवला.

सुरुवातीपासून सांगतो. बाईंच्या गाडीचं काम चालू होतं तेव्हा तुम्ही मला झाळायला देत नव्हतात. म्हणायचात, "तुझा हात चांगला आहे, पण बूड स्थिर नाही. झाळणाऱ्याचं बूड आधी स्थिर लागतं." मला काम होतं ते घासायचं. झाकण घासायला दिलंत. म्हणालात, त्याचं पितळ उजळव, पण जपून, त्या गाडीचं मूळ झाकण आहे, परत मिळायचं नाही. संध्याकाळी बॅटरीवाल्याचा पुतण्या नवी मोटरसायकल घेऊन आला, म्हणाला चल एक फेरी. मला घासत बसायचा कंटाळा आला होता. मी झाकण तारेला बांधून अ‍ॅसिडच्या टाकीत सोडलं. म्हटलं, दहा मिनिटांत चकाकेल, घासायला नको.

फेरी दहा मिनिटांची नव्हती. परत आलो तो थेट जेवायला घरी. झाकण आठवलं ते दुसऱ्या दिवशी सकाळी, दात घासताना. धावत गेलो. पितळ सोन्यासारखं झालं होतं. पण आतली स्प्रिंग पोलादी, ती खाऊन दोऱ्यासारखी झालेली. बोट लावलं आणि तुटली. वॉशरचा चिखल झाला होता.

मी तेव्हाच तुमच्याकडे यायला हवं होतं. तुम्ही दोन शिव्या दिल्या असत्या, एक टपली मारली असती, आणि स्प्रिंग करायच्या खटपटीला लागला असता. एवढंच झालं असतं. मला आता ती टपली इतकी हवीशी वाटते की काय सांगू.

त्याऐवजी मी भंगाराच्या ढिगात शिरलो. गळ्याला बसेल असं झाकण शोधलं, एका नव्या गाडीचं. बरोब्बर बसलं. त्याच्यावर आकडा होता तेरा. मी स्वतःची समजूत घातली की बाईंची गाडी उकळतेच आहे, जास्त जोराचं झाकण लावलं तर पाणी उशिरा उकळेल, उलट बरंच. हे अर्धं खरंही आहे. अर्ध्या खऱ्याएवढं घाण काही नसतं.

पण तुम्ही झाकण बसवायच्या आधी उजेडात धरून आकडा मोठ्याने वाचता. शंभर वेळा बसवलेलं असलं तरी वाचता. म्हणून मी कानस घेतली आणि तो तेरा घासून काढला. वर पॉलिश मारलं.

पुढचं तुम्हाला आठवत असेल, किंवा नसेलही, पण मला प्रत्येक शब्द आठवतो. तुम्ही झाकण हातात फिरवलंत. विचारलंत, "आकडा कुठंय रे?"

मी म्हटलं, "घासता घासता गेला, भाऊजी."

तुम्ही हसलात. म्हणालात, "इतकं घासतात होय? आता बाई याच्यात बघून केस विंचरतील." आणि वर म्हणालात, "बरं झालंय. मनापासून केलंस."

सहा वर्षांत तुम्ही माझ्या कामाला पहिल्यांदा बरं म्हणालात. कानस अजून माझ्या मागच्या खिशात होती.

सांधा उघडला तेव्हा सगळे सांध्याकडे बघत होते. झाकण जागच्या जागी घट्ट होतं. तुम्हाला रिक्षात घालून नेलं आणि मी परत येऊन ते काढलं, भंगारातलं दुसरंच एक लावून ठेवलं. दवाखान्यात तुमच्या पायाशी फ्लास्क धरून उभा होतो. बाई आल्या. तुम्ही पडल्या पडल्या त्यांना म्हणालात, "माफ करा, चूक माझी आहे, सांधा कच्चा राहिला." झाकण माझ्या खिशात होतं, मांडीला टोचत होतं. मी बाईंना विचारलं, "चहा देऊ का?"

एवढंच बोललो मी. चहा देऊ का.

ते झाकण आजपर्यंत माझ्याजवळ आहे. चार खोल्या बदलल्या, ते टाकता आलं नाही. याच्याबरोबर पाठवतोय, कापडात गुंडाळून. तुमच्या हवेच्या हातपंपाच्या काट्यावर लावून बघा, कितीला उघडतं ते. आणि मूळ झाकण अ‍ॅसिडच्या टाकीच्या तळाला, उजव्या कोपऱ्यात, गाळात असेल. मी तिथेच सोडलं.

आता तुमच्या प्रश्नाचं उत्तर. पहिलं पत्र फाडून टाका. अ‍ॅल्युमिनियमचं मी का लिहिलं, ते आता मलाही दिसतंय. नवा रेडिएटर आला असता, नवं झाकण आलं असतं, जुनं सगळं भंगारात गेलं असतं, आणि कोणी कधी काही विचारलं नसतं. तांब्या-पितळेचा करायला तुम्ही हवेत. आणि तुम्ही ब्लोलॅम्प पेटवायला मी हे सांगायला हवं होतं.

हात पोळला तो माझ्यामुळे. तो परत देता येत नाही. पण 'हात राहिला नाही' म्हणता ते खोटं आहे. ते खोटं मी पंधरा महिने तुमच्या अंगावर ठेवलं. तुमचा सांधा चाराला धरून होता. तेराला कोणाचाच धरत नाही.

तीन वाजले. जेवायला जातो. भूक मेली आहे पण जातो.

मेहुणा म्हणवून घ्यायला लाज वाटते, पण दुसरं काय लिहू


४ मे

भाऊजी,

तुमचं पत्र आलं. पाकिटावर डाव्या हाताचं अक्षर बघून मी ते सकाळपासून शर्टाच्या खिशात घेऊन फिरलो. जेवणाच्या सुट्टीत भट्टीच्या मागे जाऊन फोडलं. फोडताना वाटत होतं, आत एक तर शिव्या असतील नाहीतर 'झालं गेलं विसरून जा' असेल. मला दोन्ही चाललं असतं. दुसरं जास्त.

तुम्ही दोन्ही लिहिलं नाहीत. मी ते इथे उतरवून काढतो, म्हणजे मला ते नीट वाचल्यासारखं होईल.

'झाकण मिळालं. काट्यावर लावलं. तेराला उघडतं. टाकी उपसली, जुनं सापडलं. तू मला सांगितलंस. माझं मी बघतो. पण मी बाईंसमोर पडून माझी चूक म्हणून माफी मागितली. बॅटरीवाल्यासमोर वर्षभर मान खाली घातली. आता मी जाऊन सांगू का, की माझी नव्हती, मेहुण्याची होती? मी सांगणार नाही. ज्याने आकडा घासला त्याने लिहावा. बाईंचा पत्ता तुला माहीत आहे.'

खाली सही. बस.

ताईने पाकिटाच्या आतल्या बाजूला पेन्सिलीने लिहिलंय, तुम्हाला न दाखवता बहुतेक. 'दोन दिवस जेवले नाहीत नीट. माझ्याशीही बोलले नाहीत, तुझी बहीण म्हणून. तिसऱ्या दिवशी टाकी उपसायला घेतली. मी म्हटलं, राहू द्या, हाताला अ‍ॅसिड लागेल. म्हणाले, आता काय लागायचं राहिलंय.'

भाऊजी, बाईंना लिहायचं म्हणजे मला तुम्हाला लिहिण्यापेक्षा अवघड आहे. हसू नका. तुम्ही रागावलात तरी घरचे. त्यांनी मला चौथीत शिकवलंय. 'तुझं शरीर वर्गात असतं आणि तू खिडकीबाहेर,' असं म्हणायच्या. सातवीत मी शाळा सोडली तेव्हा त्या घरी आल्या होत्या, आणि मी मागच्या दाराने पळालो होतो. मी अजून त्यांना त्याचंच उत्तर दिलेलं नाही. त्या माझं पत्र वाचतील तेव्हा आधी ऱ्हस्व-दीर्घ बघतील, मग गुन्हा.

वर एक ओळ लिहिली होती, 'तुम्हीच त्यांना माझ्या वतीने सांगाल का.' लिहिली आणि खोडली. तुम्ही खोडलेलं वाचता, म्हणून कबूलच करतो.

उद्या लिहितो म्हणणार होतो. उद्या म्हटलं की माझं काय होतं, ते टाकीच्या तळाला तुम्ही बघितलंतच. आजच लिहितो, याच कागदाला जोडून. वाचून बघा, पाकिटात घाला आणि ताईकरवी पाठवा. त्यात एक शब्द कमी वाटला तर मला परत पाठवा, पुन्हा लिहीन.

अ‍ॅल्युमिनियमचा रेडिएटर साहेबांना परत केला. लांब्या आता खिडकीच्या काचेत भांग पाडतो.

मेहुणा


४ मे

आदरणीय बाई,

मी रेडिएटरवाल्यांचा मेहुणा. चौथीत तुमच्या वर्गात खिडकीजवळ बसायचो. अक्षर तेच आहे, माफ करा.

तुमच्या गाडीचा रेडिएटर फुटला आणि त्यात माझ्या भाऊजींचा हात पोळला. दवाखान्यात त्यांनी तुम्हाला सांगितलं की चूक त्यांची, सांधा कच्चा राहिला. ते खरं नाही. त्यांना ते खरं वाटत होतं, म्हणून त्यांनी सांगितलं. खरं मला माहीत होतं. मी तिथेच उभा होतो आणि मी तुम्हाला चहा विचारला.

तुमच्या गाडीचं मूळ झाकण चार पौंडाचं होतं. मी आळसाने ते अ‍ॅसिडमध्ये विसरलो आणि ते बिघडलं. ते लपवायला मी तेरा पौंडाचं दुसरं झाकण दिलं आणि भाऊजींना कळू नये म्हणून त्याच्यावरचा आकडा कानशीने घासून काढला. त्यांनी विचारलं तेव्हा खोटं बोललो. जोर बाहेर पडला नाही आणि टाकी फुगून सांधा सोलला गेला. त्यात सांध्याचा दोष नव्हता. ते झाकण दुकानात आहे, काट्यावर लावून बघता येईल.

तुम्ही हे पत्र बॅटरीवाल्यालाही वाचून दाखवाल का? त्याच्या दुकानासमोर उभं राहून, वर्गात वाचायचात तसं, शेवटच्या बाकापर्यंत ऐकू जाईल असं. माझं नाव घेतलंत तरी चालेल.

रेडिएटरला तांबं की अ‍ॅल्युमिनियम, हे ताईने मला विचारलं होतं. मी आधी चुकीचं उत्तर दिलं. तांब्या-पितळेचाच करून घ्या. तुमच्या गाडीला, तुमच्या पाण्याला तोच टिकेल. आणि सांधा भाऊजींनाच घालायला सांगा. त्यांची दोन बोटं वाकत नाहीत, वेळ लागेल. ताई पत्रा धरेल. कोणी बोलावलं तर मी धरीन, बूड स्थिर ठेवून.

झाकण मी इथून पाठवतोय, नवं, चार पौंडाचं. बसवायच्या आधी ते उजेडात धरून आकडा मोठ्याने वाचा. भाऊजी तसंच करतात.